पाणी न मारता आग विझवताना

हिरा जळतो. १७७२ साली पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या सोबत्यांनी भल्यामोठ्या भिंगातून ऊन एकवटून हिरे जाळून पाहिले होते. पुढे १७९७मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने जळालेल्या हिऱ्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजला आणि हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, हे दाखवून दिलं. हवेत पेट घ्यायला त्याला साधारण साडेआठशे अंश सेल्सिअस लागतात. एवढं असूनही सुरतेतल्या हिरे कारखान्यात आग लागली तर शेठचा जीव हिऱ्यांसाठी फारसा टांगणीला लागत नाही. माल तिजोरीत असतो. बाहेर राहिलेला एखादा हिरा आगीत सापडला तरी बहुधा वरवर पांढुरका पडतो. तो पुन्हा घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या फिरत्या चाकावर, धरला, एक पातळ थर उतरवला, की वजन किंचित घटतं आणि चमक परत येते.

परत येत नाही ते शेजारच्या खोलीतलं. कच्चा खडा स्कॅन करून त्याच्या पोटातले डाग नि भेगा कुठे आहेत ते टिपणारं यंत्र, त्यावरून कुठे कापला तर सर्वांत जास्त वजन हाती लागेल ते ठरवणारे कॉम्प्युटर, लेझर कटिंगची मशिनं, आणि या सगळ्यांच्या फायली सांभाळणारा सर्व्हर. जगात पैलू पडणाऱ्या दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत पडतात असं तिथे अभिमानाने सांगतात. ते काम आता कारागिराच्या नजरेइतकंच या खोलीवर चालतं. डिसेंबर २०२३मध्ये खजोदला डायमंड बोर्स या हिरेबाजाराचं उद्घाटन झालं. नऊ मनोरे, चार हजारांहून जास्त कचेऱ्या. कतारगाम-वराछाच्या जुन्या कारखान्यांतही चौथ्या मजल्यावर कुठेतरी एसी लावलेली, काचेच्या दाराची, सदा गुणगुणणारी एक खोली असतेच.

या खोलीत आग लागली तर करायचं काय? पाणी मारलं तर आगीतून वाचलेलं पाण्यात गेलं, अशी गत. लाल नळकांड्यातली एबीसी पावडर मारली तर आग विझते, पण त्या भुकटीत मोनोअमोनियम फॉस्फेट असतं. ते तापल्यावर वितळून चिकटतं, आणि थंड झाल्यावर हवेतला दमटपणा ओढून घेतं. सुरतेच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत, तापीच्या काठी, ती भुकटी सर्किट बोर्डावर आठवडाभर राहिली तर तांब्याच्या रेषा हिरव्या पडू लागतात. आग कोपऱ्यातल्या एका वायरीची असते आणि नुकसान भरलेल्या खोलीचं होतं.

म्हणून अशा खोल्यांत ‘क्लीन एजंट’ नावाची गॅस यंत्रणा बसवतात. विझवून झाल्यावर मागे काही उरत नाही, विजेचा प्रवाह वाहून नेत नाही, आणि हवेत विरून जाते अशी वस्तू, एवढाच त्या ‘क्लीन’चा अर्थ. पर्यावरणाच्या दृष्टीने ती स्वच्छ असेलच असं नाही. त्याकडे पुढे येऊच.

शाळेत आपण आगीचा त्रिकोण शिकलो: इंधन, उष्णता, ऑक्सिजन. ज्वाळेला चौथी एक गोष्ट लागते, ती म्हणजे तिच्या आत सतत चालू असलेली साखळी प्रक्रिया. हायड्रोजनचे सुटे अणू आणि हायड्रॉक्सिलचे तुकडे एकमेकांना जन्म देत राहतात म्हणून ज्वाळा तगते. हेलॉन १३०१ या पूर्वीच्या प्रसिद्ध वायूतला ब्रोमीन नेमका या तुकड्यांना पकडायचा आणि पकडून पुन्हा मोकळा व्हायचा, पुढचा तुकडा पकडायला. त्यामुळे हवेत पाच-सहा टक्के हेलॉन मिसळला तरी आग जागच्या जागी बसायची आणि खोलीतल्या माणसाला काही होत नसे. आग विझवणाऱ्यांना याहून सोयीची वस्तू मिळाली नव्हती. साठ-सत्तरच्या दशकांत जगभरच्या कॉम्प्युटर रूम, टेलिफोन एक्स्चेंज, विमानांची इंजिनं यांत हेलॉन बसला.

घोळ असा की तोच ब्रोमीन वर ओझोनच्या थरात गेला की तिथेही असाच पकड-सोड करत राहतो. ओझोनचा नाश करण्याच्या बाबतीत हेलॉन १३०१ हा सीएफसी-११ या वायूपेक्षा दसपटीने वाईट ठरला. १९८७चा माँट्रियल करार झाला, १९९२मध्ये भारत त्यात आला. विकसित देशांत १९९४पासून हेलॉनचं उत्पादन थांबलं, आपल्यासारख्या देशांना २०१०पर्यंत मुदत मिळाली. विमानांत अजूनही साठवलेला आणि शुद्ध करून पुन्हा भरलेला हेलॉन वापरतात, कारण तिथे त्याच्या तोडीचं दुसरं काही लवकर सापडलं नाही.

हेलॉनच्या जागी जो आला त्याला बाजारात एफएम-२०० म्हणतात. रासायनिक नाव हेप्टाफ्लुओरोप्रोपेन, तांत्रिक कागदांत एचएफसी-२२७ईए. यात ब्रोमीन नाही, ओझोनला धक्का नाही. तो मुख्यतः ज्वाळेची उष्णता शोषून तिला गार करतो. सुरतेला ही फ्लोरिनची रसायनं परकी नाहीत. शहराच्या दक्षिणेला भेस्तानमध्ये मफतलाल घराण्याचा नवीन फ्लोरिन हा कारखाना १९६७पासून आहे. तिथला ‘मॅफ्रॉन’ देशभरच्या फ्रिज-एसी मेकॅनिकांच्या तोंडी होता. आग विझवणारे हे वायू त्या फ्रिजच्या गॅसचेच चुलतभाऊ. लिंबायत-उधन्याकडच्या एखाद्या खान्देशी एसी मेकॅनिकला एफएम-२००चा सिलिंडर, त्यावरचा प्रेशर गेज आणि आत नायट्रोजनचा दाब हे प्रकरण समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात. इंजिनिअरिंगच्या पोराला त्याहून जास्त लागतात.

आता खोलीत प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. पंधरा फूट लांब, पंधरा रुंद, दहा उंच अशी खोली धरा. म्हणजे ६४ घनमीटरच्या आसपास. तिला एफएम-२०० साधारण ४० किलो लागतो. छताला दोन स्मोक डिटेक्टर, दोन वेगळ्या सर्किटांवर जोडलेले. यूपीएसच्या मागच्या जुन्या केबलचा जोड सैल झालाय, तापतोय, प्लास्टिकचं आवरण मऊ होऊन धुरकटतंय. पहिल्या डिटेक्टरला धूर लागला की पॅनेलवर दिवा लागतो, घंटा वाजते. गॅस सुटत नाही. उदबत्तीच्या धुराने किंवा एसीच्या वाफेने एक डिटेक्टर फसू शकतो, म्हणून दुसऱ्याच्या साक्षीची वाट बघायची. (दिवाळीत लक्ष्मीपूजन सर्व्हर रूममध्येच करायचं असा हट्ट असणाऱ्या कारखान्यांत त्या दिवशी काय करायचं, हे आधी ठरलेलं असावं.) दुसऱ्यालाही धूर लागला की हूटर किंचाळायला लागतो आणि पॅनेल उलटी मोजणी सुरू करतं, बहुतेक ठिकाणी ३० सेकंदांची. या वेळात एसी आपोआप बंद होतो, हवेच्या डक्टमधले पडदे मिटतात, शक्य असेल तिथे वीज तुटते, माणसं बाहेर पडतात, दार ओढून घेतलं जातं. धोका खोटा असेल तर दाराशेजारचं अ‍ॅबॉर्ट बटण दाबून धरायचं. हात सोडला की मोजणी पुन्हा चालू.

मोजणी संपली की सिलिंडरच्या तोंडावरची झडप उघडते. एफएम-२०० सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रवरूपात असतो, वर नायट्रोजन कोंबलेला. नोझलमधून बाहेर येताच त्याचा वायू होतो आणि तो होताना आजूबाजूची उष्णता गिळतो. हवेतली वाफ गोठून पांढरं धुकं होतं. टेबलावरचे कागद उडतात, फॉल्स सीलिंगच्या टाइल नीट अडकवलेल्या नसतील तर खाली येतात. हे सगळं १० सेकंदांच्या आत संपायला हवं, असा नियम आहे. घाईमागे कारण आहे. हा वायू सातशे अंशांच्या पुढच्या ज्वाळेत जास्त वेळ राहिला तर त्याचे तुकडे होऊन हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो झोंबरा, विषारी, आणि काचेलाही चरे पाडणारा. आग लहान असताना आणि चटकन विझली तर तो नगण्य असतो. आग मोठी होऊ दिली तर ज्या लेन्स आणि बोर्ड वाचवायला निघालो त्यांनाच तो खाऊन टाकतो. म्हणून महागड्या खोल्यांत धुराची वाट न बघता पाइपांतून सतत हवा ओढून लेझरने तपासणारी यंत्रणा लावतात. ऑस्ट्रेलियात टेलिफोन एक्स्चेंज वाचवण्याच्या खटाटोपातून ती जन्माला आली. डोळ्यांना दिसण्याच्या बरंच आधी तिला धूर कळतो.

यापुढे यंत्रणेचं काम संपलं आणि खोलीचं सुरू झालं. सर्व्हर रूमबद्दल मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे, आणि कोटेशनमध्ये नेमकं हेच सापडत नाही. हवेत सातआठ टक्के गॅस मिसळलाय, ज्वाळा विझलीय, पण केबलचा जोड अजून लाल आहे. गॅस निघून गेला आणि हवा आत आली की तो पुन्हा पेट घेणार. म्हणून तेवढं प्रमाण निदान दहा मिनिटं टिकायला हवं, असं मानकं सांगतात. मधल्या वेळात जोड थंड व्हावा, वीज तोडली जावी, माणूस पोहोचावा. एफएम-२०० मिसळलेली हवा साध्या हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते आणि खालच्या फटींतून गळते. दाराखालची अर्ध्या इंचाची फट, रेझ्ड फ्लोअरखालून शेजारच्या खोलीत गेलेली केबल ट्रे, स्प्लिट एसीच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेलं आणि प्लास्टरने बुजवायचं राहून गेलेलं भोक. गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी नवा कॅमेरा बसवला, भिंतीला ड्रिल मारलं आणि तसंच सोडलं. सिलिंडरचा गेज हिरव्यात, पॅनेलचा दिवा हिरवा, एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीचा, कागद फाइलला लावलेला, आणि खोली चार मिनिटांत रिकामी.

हे तपासायचा उपाय आहे. दारात एक मोठा पंखा बसवायचा, कापडाने चौकट बंद करायची, खोलीत दाब निर्माण करायचा आणि हवा किती गळते ते मोजायचं. सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात तसलाच हा प्रकार. फरक इतकाच की बुडबुड्यांऐवजी धुराची कांडी फिरवून भोकं सापडतात. त्यावरून गणित मांडलं की गॅस किती मिनिटं टिकेल ते कळतं. त्याला डोअर फॅन टेस्ट म्हणतात. यंत्रणा बसवताना ती एकदा होते, तीही नेहमी होत नाही. भिंतीला नवं भोक पडलं म्हणून पुन्हा करणारे विरळा. ‘गॅस बसवलाय’ असं कुणी सांगितलं तर मी तरी सिलिंडर न बघता दाराखालची फट बघेन.

आता त्या ‘क्लीन’कडे. ओझोनला न दुखावणारा एफएम-२०० उष्णता अडवण्यात मात्र पट्टीचा. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजारांहून अधिक पट वातावरण तापवतो. आपल्या त्या ६४ घनमीटरच्या खोलीतला ४० किलो गॅस एकदा सुटला की सव्वाशे टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखं झालं. २०१६मध्ये किगालीला माँट्रियल कराराची दुरुस्ती झाली आणि असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. भारताने ती २०२१मध्ये मान्य केली. आपल्याकडे २०२८मध्ये वापर गोठवायचा, २०३२पासून तो उतरवत न्यायचा आणि २०४७पर्यंत ८५ टक्के घट, असं वेळापत्रक आहे. म्हणजे आज बसवलेला सिलिंडर दहा-पंधरा वर्षांनी चुकून रिकामा झाला तर तो भरून आणणं आजच्यापेक्षा अवघड आणि महाग होत गेलेलं असणार.

दुसरा पर्याय एफके-५-१-१२, नोव्हेक १२३० या नावाने गाजलेला. हा साध्या तापमानाला पाण्यासारखा दिसणारा द्रव असतो, ४९ अंशांना उकळतो. काचेच्या भांड्यात हा द्रव घेऊन त्यात चालू मोबाइल बुडवायचा आणि तो सुखरूप बाहेर काढून दाखवायचा, हा प्रदर्शनांतला ठरलेला खेळ. वातावरणात तो काही दिवसांत सूर्यप्रकाशाने मोडतो, म्हणून तापवण्याचा आरोप त्याच्यावर नाही. तरी गोष्ट इथेही संपत नाही. तो पीएफएएस या दीर्घकाळ न नासणाऱ्या फ्लोरिन रसायनांच्या मोठ्या कुळात मोडतो, आणि ते कूळ सध्या जगभर वादात आहे. तो प्रथम बाजारात आणणाऱ्या थ्रीएम कंपनीने डिसेंबर २०२२मध्ये जाहीर केलं की २०२५अखेर या कुळातल्या सगळ्याच वस्तू बनवणं आपण थांबवू. पेटंट संपलेलं असल्यामुळे इतर कारखाने तो बनवतात.

तिसरा मार्ग जुना आणि बिनभानगडीचा: जो वायू हवेतच आहे तोच वाढवायचा. नुसता नायट्रोजन, नुसता आर्गॉन, किंवा दोघांचं मिश्रण. खोलीतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साधारण साडेबारा टक्क्यांवर आणला की बहुतेक ज्वाळा तग धरत नाहीत. माणूसही त्या हवेत लवकर धापा टाकेल असं वाटतं. इथे आयजी-५४१ म्हणजे इनर्जेन नावाच्या मिश्रणाची युक्ती पाहण्यासारखी आहे. त्यात ५२ टक्के नायट्रोजन, ४० टक्के आर्गॉन आणि ८ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. गॅस सुटल्यावर खोलीतला कार्बन डायऑक्साइड तीन टक्क्यांच्या आसपास जातो. आपला मेंदू श्वासाचा वेग ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइड बघून ठरवतो. तो वाढला की आपण नकळत खोल श्वास घेऊ लागतो आणि कमी ऑक्सिजनमधूनही गरजेपुरता ओढून घेतो. आत अडकलेल्या माणसाला बाहेर पडण्यापुरती सवड मिळते.

या मार्गाची किंमत जागेत मोजावी लागते. हे वायू द्रव होऊन बसत नाहीत. २०० किंवा ३०० बार दाबाने कोंबावे लागतात, आणि प्रमाणही चाळीस टक्क्यांच्या घरात लागतं. एका सिलिंडरऐवजी दोन-तीन उंच सिलिंडर, जाड पाइप, आणि भिंतीत दाब बाहेर सोडणारी झडप, नाहीतर खोलीच्या काचा तडकायच्या. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि सुरत शहराचा मोठा भाग बुडाला. त्या पुरानंतर महत्त्वाची यंत्रं तळघरात ठेवण्याचं धाडस शहाणा सुरतकर करत नाही. यंत्रं वर गेली की सिलिंडरही वर जातात, आणि जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्याची फरशी ते वजन पेलेल का, हे आधी बघावं लागतं.

कार्बन डायऑक्साइड हा स्वस्त पर्याय म्हणून कुणी ना कुणी पुढे करतंच. हातातला छोटा सिलिंडर म्हणून तो उत्तम. पण अख्खी खोली त्याने भरायची तर ३४ टक्के किंवा जास्त प्रमाण लागतं, आणि तेवढ्यात माणूस काही क्षणांत बेशुद्ध होऊन मरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०००च्या सुमारास अशा अपघातांच्या नोंदी गोळा केल्या, तेव्हा १९७५पासूनच्या ५१ घटनांत ७२ मृत्यू सापडले. माणसं ये-जा करतात अशा खोलीत तो नकोच.

शिवाय विझवणारी वस्तूच घात करते अशाही नोंदी आहेत. मार्च २०१६मध्ये बँकॉकमध्ये सयाम कमर्शियल बँकेच्या मुख्यालयात कागदपत्रांच्या तळघरात अग्निसुरक्षेचंच काम चालू होतं. आग नव्हती. यंत्रणा सुरू झाली आणि आठ जण दगावले. तिथला पदार्थ या लेखातल्या वायूंपैकी नव्हता, हवेत बारीक कण सोडणारा एरोसोल होता. पण काम चालू असताना यंत्रणेला कुलूप घालण्याची शिस्त दोन्हीकडे एकच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये सराव म्हणून निष्क्रिय वायू सोडला. माणसाला काही झालं नाही, आग नव्हतीच. पण नोझलमधून सुटणाऱ्या वायूचा आवाज १३० डेसिबलच्या वर गेला आणि त्या कंपनाने हार्ड डिस्क निकामी झाल्या. फिरत्या तबकडीपासून केसाहून कितीतरी कमी अंतरावर तरंगणाऱ्या वाचनशीर्षाला तेवढा हादरा पुरतो. बँकेची कार्डं, एटीएम, ऑनलाइन व्यवहार सुमारे दहा तास बंद. त्यानंतर आवाज दाबणारी नोझल आली आणि ती डिस्कच्या कपाटांवर रोखायची नाहीत, हे इन्स्टॉलर शिकले.

आणि काही आगी या वायूला दाद देत नाहीत. सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला लागलेली आग विझवायला सुमारे २२ तास लागले. तिथे यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या सर्व्हरच्या जवळून हलवून तळघरात नेण्याचं काम चालू होतं, आणि ते चालू असतानाच एक पेटली. लिथियम बॅटरी आत तापली की तिच्याच रसायनांतून उष्णता आणि जळणारे वायू निघत राहतात. बाहेरचा ऑक्सिजन तोडून ज्वाळा दबते, आतला भडका थांबत नाही, शेजारची पेटी तापून पेटते. तिला भरपूर पाण्याने गार करणं हाच उपाय, आणि पाणी मारलं तर सर्व्हर जातात म्हणून हात आखडतो. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा कायमचा गेला, कारण त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. सुरतेतल्या कारखान्यांतही जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या जाऊन लिथियमच्या येताहेत, कमी जागेत बसतात म्हणून, आणि बहुधा त्याच गॅसवाल्या खोलीच्या कोपऱ्यात. त्यांना वेगळी खोली, मधे आगीला तोंड देणारी भिंत, आणि तिथे पाण्याची सोय असावी.

सुरतेचा दुसरा मोठा धंदा कापडाचा, आणि तिथेही या वायूचं काही चालत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये रिंगरोडवरच्या शिवशक्ती टेक्स्टाइल मार्केटच्या तळघरात आग लागली. ती विझवली असं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा भडकली. शेकडो दुकानं खाक झाली. कापडाच्या गठ्ठ्याची आग पोटात शिरते. वरची ज्वाळा गेली तरी आत निखारा धुमसत राहतो, त्याला फार थोडा ऑक्सिजन पुरतो, आणि दहा मिनिटांत तो गार होत नाही. शिवाय उघडे जिने, उघड्या गॅलऱ्या, सतत वाहणारी हवा. वायू कोंडायचा कशात? तिथे स्प्रिंकलर, मोकळे रस्ते आणि टाक्यांत खरोखर भरलेलं पाणी हवं. सुरतेने मोठ्या आगी जुन्या काळीही भोगल्या आहेत. १८३७च्या एप्रिलमध्ये उकळतं डांबर सांडून लागलेल्या आगीत शहरातली नऊ हजारांहून अधिक घरं गेली.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचे कारखाने हा इथला नवा प्रकार. त्यांच्या रिअ‍ॅक्टरमध्ये हायड्रोजन आणि थोडा मिथेन यांच्या प्लाझ्मात, आठशे-हजार अंशांना, हिऱ्याचा थर चढतो. हायड्रोजन गळून पेटला तर ज्वाळा दिवसाउजेडी दिसतही नाही. तिथे गॅस सोडून ज्वाळा विझवणं उलट घातक: गळती चालूच राहिली तर न जळलेला हायड्रोजन छताखाली साठतो आणि मग ठिणगीने स्फोट होतो. आधी व्हॉल्व्ह बंद, मग बाकीचं. त्यासाठी गळती ओळखून पुरवठा तोडणारे डिटेक्टर लागतात. कंट्रोल पॅनेलच्या खोलीला हवा तर एफएम-२०० बसवा.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. २४ मे २०१९ला सरथाणाच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ मुलं आगीत गेली. त्यानंतर शहरभर फायर एनओसीची धावपळ झाली आणि अग्निसुरक्षा विकणाऱ्यांची चलती झाली. गॅस यंत्रणा त्या मुलांपैकी एकालाही वाचवू शकली नसती. ती यंत्रांसाठी असते. जिना, दुसरा जिना, अडगळ नसलेला दरवाजा, शिडी पोहोचेल असा दर्शनी भाग, ही माणसांची सोय. ज्या इमारतीत सर्व्हरच्या खोलीला झकास गॅस आहे आणि जिन्यात खोके रचलेत, तिथे पैसा चुकीच्या खोलीत गेलाय, असं माझं मत.

गॅस यंत्रणा बसवायचीच असेल तर काही गोष्टी विचारायला लाजू नये. सिलिंडरला मान्यता आहे का? दाबाच्या सिलिंडरांचा कारभार बघणाऱ्या केंद्रीय पेसो या खात्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, आणि सिलिंडर ठरावीक मुदतीने काढून त्याची दाबचाचणी करून घ्यावी लागते. तेवढे दिवस खोलीवर पहारा कशाचा? जादा सिलिंडर आहे का? गॅसचं वजन पाच टक्क्यांहून, किंवा दाब तापमानाचा हिशेब धरून दहा टक्क्यांहून कमी झाला तर सिलिंडर भरून आणायचा असतो. वजन कोण करतं, की नुसता गेज बघून सही होते? भारतीय मानक आयएस १५४९३चा उल्लेख कोटेशनमध्ये आहे की फक्त सिलिंडरची संख्या? रात्री दोन वाजता हूटर वाजला तर वॉचमनने काय करायचं, ते त्याला त्याच्या भाषेत कुणी सांगितलंय का? सुरतेत ती भाषा गुजराती, हिंदी, ओडिया असेल, किंवा अहिराणीही. गॅस सुटल्यावर काय झालं ते बघायला लगेच दार उघडणं ही त्याची सहज प्रतिक्रिया असणार, आणि नेमकं तेच करायचं नसतं. दहा मिनिटं दार बंद, वीज तोडलेली, अग्निशमन दलाला फोन केलेला. मग दार उघडायचं, एक्झॉस्ट लावून खोली मोकळी करायची, आणि हवा तपासल्याशिवाय आत जायचं नाही. पॅनेलशेजारी भिंतीवर चिकटवलेली सूचना बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असते. पहिल्याच दिवशी ती बदलून घ्यावी.